कुंपणवाल्यांची दोन पुस्तकं

जोडणीवाले आले ते स्वतःची उशी घेऊन आले, आणि तिथंच बाईंच्या मनात पाल चुकचुकली. कामापुरता आलेला माणूस मिळेल त्या खुर्चीवर टेकतो. बसायची उशी जो घरून आणतो, तो मुक्कामाच्या तयारीनं आलेला असतो. उशी निळ्या रंगाची होती, मधोमध दबलेली होती, म्हणजे या गृहस्थांनी याआधीही बऱ्याच ठिकाणी मुक्काम ठोकलेला होता. बाईंनी हे सगळं चष्म्याच्या वरून पाहिलं आणि "या, बसा" म्हणाल्या, जणू काही पाहिलंच नाही.

ग्रंथालयात बाईंना पाठीमागे चाळणीबाई म्हणत, आणि हे बाईंना समोरासमोर माहीत होतं. त्या सूचीप्रमुख होत्या. नवं पुस्तक कपाटात जायच्या आधी त्यांच्या टेबलावरून जाई. लेखक कोण, विषय काय, पानं किती, पहिली आवृत्ती की नुसतं कव्हर बदललेलं, हे सगळं त्या चाळून घेत. पुस्तकावर लेखकाचं नाव छापलेलं आहे एवढ्यावर त्यांचं कधी समाधान झालं नाही. छापायला काय, कोणी काहीही छापतं.

"इतकी वर्षं आपण काय केलं," जोडणीवाले पहिल्या दिवशी समजावत होते. पन्नाशीचे, मऊ आवाजाचे, समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणारे. हीदेखील बाईंना खटकलेली गोष्ट. "प्रत्येक पुस्तकाची एक चिठ्ठी लिहिली. आधी कार्डावर, मग कॉम्प्युटरात. पण चिठ्ठी ती चिठ्ठीच. माणसाला वाचता येते, दुसऱ्या कॉम्प्युटरला तिच्यातलं काही कळत नाही. आता लेखकाला वेबवर स्वतःचा पत्ता मिळेल, पुस्तकाला स्वतःचा, विषयाला स्वतःचा. आणि मधे नाती. यांनी ते लिहिलं, ते अमक्याबद्दल आहे, याचं भाषांतर ते. कुठल्याही ग्रंथालयानं त्या लेखकाबद्दल काही म्हटलं, की ते त्याच पत्त्यावर येऊन जोडलं जातं."

"म्हणजे सोयरीक," बाई म्हणाल्या.

"तसंच समजा."

"सोयरीक जमवायची तर चौकशी करावी लागते. तुमचं यंत्र करतं का?"

"करतं की. कोणी काय म्हटलं, आणि सगळ्यांत आधी कोणी म्हटलं, ते तारखेसकट ठेवतं."

ही शेवटची गोष्ट बाईंना अजिबात आवडली नाही. का आवडली नाही, ते त्यांनी स्वतःलासुद्धा लगेच सांगितलं नाही.

एरवी त्या नव्या पद्धतीला घाबरणाऱ्यांतल्या नव्हत्या. कार्डांचे खण गेले तेव्हा लोक रडले, बाईंनी रिकाम्या खणांत स्टेशनरी भरली. पण या वेळी नुसती पद्धत बदलत नव्हती. शहराचं ग्रंथालय आणि चौकापलीकडचं कॉलेजचं ग्रंथालय, दोघांची सूची वेबवर एकच होणार होती. सूची एक, तर सूचीप्रमुखही एकच. दुसऱ्या प्रमुखाची सोय तळघरात, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांपाशी. बाई ते तळघर बघून आल्या होत्या. भिंतींना ओल होती, आणि एकुलत्या खिडकीतून रस्त्यावरून जाणाऱ्यांची फक्त पायताणं दिसत. माणूस ओळखायचा तो चपलेवरून, आणि निवृत्त व्हायचं तेही तिथूनच. जोड समितीच्या अध्यक्षांनी सांगून टाकलं होतं की निवड नोंदींच्या स्वच्छतेवरून होईल. ज्यांच्या नोंदी निर्मळ, त्यांची खुर्ची. बनावट काही निघालं तर विचारच होणार नाही.

आणि कॉलेजच्या ग्रंथालयात सूचीप्रमुख कोण, तर वन्सं. बाईंच्या नवऱ्याची सख्खी धाकटी बहीण.

बाईंच्या आयुष्यात अहोजाहो करण्यासारखी माणसं घरातली दोनच होती. नवऱ्याला अहो म्हणत ते सवयीनं, वन्संना म्हणत ते सावधगिरीनं. वन्संही त्यांना चुकून कधी एकेरीत हाक मारत नसत. "वहिनी, तुम्ही" अशी सुरुवात झाली, की नवरा ताटातून मान वर काढत नसे. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागल्या, एकाच धंद्यात शिरल्या, आणि त्या दिवसापासून प्रत्येकीला खात्री होती की दुसरी आपल्या नोंदी चोरते.

चोरते म्हणजे काय, तर उतरवून घेते. एका अवघड पुस्तकाची नीट नोंद करायला कधीकधी अख्खी सकाळ जाते. लेखक तोच की त्याच नावाचा दुसरा, हे शोधायला पत्रं पाठवावी लागतात. आणि मग चौकापलीकडून कोणी ती नोंद आयती उचलून आपली म्हणून ठेवली, तर पोटात दुखणारच. पण उचलली हे सिद्ध कसं करणार? दोघींनी एकाच पुस्तकाबद्दल खरं लिहिलं तर ते सारखंच दिसणार. खऱ्याला मालक नसतो. मालकी सांगता येते ती खोट्यावर.

या विचारातून बाईंनी काही वर्षांपूर्वी एक पुस्तक निर्माण केलं होतं.

फार जपून केलं होतं. विषय असा हवा की ते वाचायला कोणी मागणार नाही. 'दलदलीच्या जमिनीवरील कुंपणे', पानं एकशे अडुसष्ट, आकृत्यांसह. आकृत्यांचा तपशील स्वतःला सुचल्यावर बाई त्या दिवशी घरी गुणगुणत गेल्या होत्या. लेखकाला चारचौघांत हरवून जाईल असं साधं नाव दिलं. ते इथं सांगण्यात अर्थ नाही, कारण ते कोणाचंच नव्हतं. आपण त्यांना कुंपणवाले म्हणू. प्रत कुठे आहे, या रकान्यात बाईंनी लिहिलं, 'वाचकाकडे'.

मग त्या दबा धरून बसल्या. रोज सकाळी चहा घेताघेता चौकापलीकडची सूची उघडून बघत. आणि एक दिवस कुंपणवाले तिथं हजर झाले. तेच नाव, तीच पानं, आकृत्यांसह. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी कपातली माशी न बघता चहा संपवला.

हे हत्यार त्यांनी वापरलं मात्र नाही. कशासाठी वापरायचं? घरात भांडण, नवऱ्याचं तोंड उतरलेलं, आणि वर आपणही सूचीत खोटं पुस्तक घातलं हे कबूल करायचं. ते जपून ठेवलं. वन्सं जेवायला आल्या की बाई त्यांच्याकडे पाहून प्रेमळ हसत, आणि वन्संना कळत नसे की हिला आज झालंय काय.

पण पुढं एक विचित्र गोष्ट घडली. साधारण वर्षभरानं चौकापलीकडच्या सूचीत कुंपणवाल्यांचं दुसरं पुस्तक आलं. 'फाटके: बसवणे व राखणे'. लेखकाच्या नावापुढं जन्मसालसुद्धा होतं.

बाई दोन दिवस जेवल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. हा माणूस आपण डोक्यातून काढला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण समोर नोंद होती, आणि काय नोंद होती. एक स्वल्पविराम इकडचा तिकडं नाही. विषय नेमका, मापं मिलिमीटरमध्ये, जन्मसालाचा आधार दिलेला. गबाळ्या नोंदीवर संशय घेता येतो, इतक्या नीटस नोंदीवर कसा घेणार? बाईंनी सगळ्या बाजूंनी विचार केला आणि शेवटी मान्य केलं, की असा माणूस खरोखरच आहे. आपण बनवलेलं नाव योगायोगानं एका खऱ्या गृहस्थाचं निघालं, आणि तेही योगायोगानं त्याच लायनीत. जगात योगायोग असतात. सूचीत चूक इतकी नीट नसते.

आणि मग त्यांनी फाटकांची ती नोंद जशीच्या तशी आपल्या सूचीत घेतली. पलीकडे खरं पुस्तक, इकडे आपलं कुंपण. शेजारी खरा भाऊ असला की खोटाही घरातला वाटतो, असा हिशोब.

तर आता जोडणीवाले आपल्या उशीवरून मागे वळून म्हणाले, "बाई, हे एक गृहस्थ मला फार आवडले."

"कोण?"

"हे कुंपणांवाले." त्यांनी स्क्रीन बाईंकडे फिरवला. मधोमध एक वर्तुळ, त्यात ते साधं नाव, आणि वर्तुळातून निघालेल्या रेघा. दोन पुस्तकं. एक जन्मसाल. आणि बऱ्याच ग्रंथालयांची नावं, काही तर दुसऱ्या शहरांतली. "इतक्या ठिकाणी हे पोचलेत. आणि प्रत्येक ठिकाणी प्रत एकतर वाचकाकडे, नाहीतर सापडत नाही. कुंपणांवर लिहिणारा एवढा खपाचा लेखक मी पाहिला नव्हता."

"उपयुक्त विषय आहे," बाई म्हणाल्या.

"आहेच. पण बाहेर कुठे यांचा पत्ता नाही. प्रकाशकाकडे नाही, कुठल्या लेखात नाही. नुसत्या सूच्या एकमेकींच्या साक्षी काढतायत. अशा वेळी आमचा नियम असा, की आधी कोणी म्हटलं ते बघायचं." त्यांनी एका रेघेवर बोट टेकवलं. "कुंपणं आधी तुम्ही म्हटलंत. फाटकं आधी पलीकडच्या बाईंनी. बाकी सगळ्यांनी तुम्हा दोघींकडून उचललं. म्हणजे या माणसाला जगात ओळखणाऱ्या दोनच बाया. पुढच्या गुरुवारी अध्यक्ष येतायत. तुम्ही कुंपणांची प्रत दाखवा, त्या फाटकांची दाखवतील. हातात प्रत बघितली की माझं काम झालं."

त्या रेघेकडे बघताबघता बाईंच्या डोक्यात जे उजाडलं, ते इतकं साधं होतं की त्यांना आधी अपमानच वाटला. फाटकं आधी वन्संनी म्हटली. वन्संच्या आधी कोणीच नाही. म्हणजे वन्संनी कुंपण उचललं, मग त्यांना ते खोटं असल्याचं कळलं, आणि त्यांनी तक्रार न करता शांतपणे त्या कुंपणाला फाटक बसवलं. आणि ते फाटक आपण, चाळणीबाईंनी, स्वतःच्या सहीनं आत घेतलं.

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा नवरा पुढच्या खोलीत पुठ्ठे कापत होता. तो बाइंडर. दोन्ही ग्रंथालयांची फाटकीतुटकी पुस्तकं त्याच्याकडे येत आणि नव्या पाठी लावून परत जात. बायकोचं ग्रंथालय आणि बहिणीचं ग्रंथालय, दोन्हीकडून घरात पैसे यायचे, म्हणून तो दोघींविषयी सारखंच कमी बोलत असे. खोलीला खळीचा आणि सरसाचा वास भरून असायचा. त्या दिवशी जरा जास्तच होता.

"अहो, वन्सं काही म्हणाल्या का?"

"म्हणाली, पाठ दुखते."

"अजून?"

"उजव्या बाजूला जास्त."

बाईंनी त्याच्याकडे निरखून बघितलं. तो पट्टीवर नजर ठेवून कापत राहिला. बावीस-पंचवीस वर्षं संसार झाला की नवऱ्याच्या गप्प बसण्याचे प्रकार ओळखू येतात. हा त्यातला ऐकून घेतलेला प्रकार होता.

जोडणीवाल्यांवरही त्यांनी नजर ठेवली. रोज दुपारी ते चौक ओलांडून पलीकडे जात आणि तासाभरानं परत येत. आल्यावर त्यांच्या तोंडाला बडीशेपेचा वास असे. वन्सं पर्समध्ये बडीशेप ठेवत. वन्संनी हा माणूस फोडला, यापेक्षा वेगळं काही असणं बाईंना पटेना. पुस्तक हरवलं असं सूचीत लिहून मोकळं व्हावं, तर तारीख आजची पडणार. चौकशीच्या आठवड्यात हरवणारं पुस्तक फारच समजूतदार म्हणायचं.

रविवारी वन्सं जेवायला आल्या. जेवण झालं, तिघं चहाला बसले.

"वहिनी, तुम्ही वाळलेल्या दिसता," वन्सं म्हणाल्या. "कुंपणाकुंपणानं फार फिरणं होतंय का हल्ली?"

"छे हो वन्सं. कुणाचं फाटक उघडं राहिलंय का, तेवढं बघून येते."

नवऱ्याचा चमचा कपात थांबला.

"वाचलंत का तुम्ही ते फाटकांचं?" वन्संनी विचारलं.

"वेळ कुठं मिळतो. तुम्ही कुंपणांचं वाचलं असेल ना? घेतलंत त्या अर्थी."

"चाळलं. जरा कोरडं वाटलं, दलदलीवरचं असून."

"आणि लेखक?"

"लेखक ओळखीचा वाटला. लिहिण्याची ढब घरातली."

"मला फाटकांच्या लेखकाबद्दल तसंच वाटलं. दुसऱ्याचं पाहून आपलं पुढं न्यायचं, ही ढब मी कुठंतरी पाहिलीय."

"मी जरा आत जाऊन खळ बघतो," नवरा म्हणाला आणि कप तसाच टाकून गेला.

निघताना दाराशी वन्सं चप्पल घालत रेंगाळल्या. एवढी वर्षं दारात निरोप घेताना दोघींची नजर कधी एकमेकींकडे नसायची, आज होती.

"गुरुवारी काय आणणार आहात, वहिनी?"

"प्रत."

"आहे?"

"तुमच्याकडे?"

"असायला हवी," वन्सं म्हणाल्या, आणि जिना उतरल्या. एका शब्दानं दोघींपैकी कोणी कबूल झाली असती तर गुरुवार सोपा झाला असता. पण पहिला शब्द बोलेल तिला तळघर, हे दोघींना दिसत होतं.

गुरुवारी बाई लवकर गेल्या. त्यांचा बेत एवढाच होता की कुंपणांच्या जागी कपाटात फट तरी विश्वास बसेल अशी दिसावी. शेजारची पुस्तकं जराशी कलती करायची, म्हणजे मधून एक आत्ताच कोणी काढून नेलंय असं वाटेल. त्या शेतीच्या कपाटाशी गेल्या, हात पुढं केला, आणि तो हात तसाच राहिला.

पुस्तक तिथं होतं.

करड्या कापडाची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरांत 'दलदलीच्या जमिनीवरील कुंपणे', खाली वर्गांकाची चिठ्ठी, अगदी बाईंच्याच पद्धतीची. जाडी एकशे अडुसष्ट पानांना शोभेल एवढी. बाईंना पहिल्यांदा भीती वाटली ती भुताची नाही, वन्संची. वन्संनी हे इथं आणून ठेवलंय. आपण ते प्रत म्हणून पुढं करणार, आणि तिथं अध्यक्षांसमोर त्या ते बनावट ठरवणार. पुस्तक उघडून बघावं म्हणून त्यांनी ते खाली ओढलं, तर पाठीमागून मऊ आवाज आला.

"मिळालं वाटतं. चला, सगळे बसलेत."

बैठकीच्या खोलीत अध्यक्ष होते. रुंद, घाईचे, घड्याळ टेबलावर काढून ठेवणारे. समोर वन्सं होत्या, चेहरा पांढराफटक, आणि त्यांच्या मांडीवर करडं पुस्तक. दोघींनी एकमेकींच्या पुस्तकाकडे पाहिलं. वन्संच्या डोळ्यांत जे होतं ते बाईंनी लगेच ओळखलं, कारण तेच सकाळपासून त्यांच्याही डोळ्यांत होतं. तुम्हीच ठेवलंत ना हे.

मग बाईंचं लक्ष वन्संच्या पुस्तकाच्या पाठीकडे गेलं. वरच्या टोकाला, कापड जिथं दुमडतं तिथं, लाल आणि पांढऱ्या दोऱ्याची बारीक गोट होती. त्यांनी हातातल्या पुस्तकाला अंगठ्यानं चाचपलं. इथंही. अशी गोट आता कोणी घालत नाही, वेळ फार जातो. एकच माणूस घालायचा, आणि तो घालताना जीभ दातांत धरायचा. वन्सं लहानपणापासून ती जीभ बघत आल्या होत्या. त्यांचाही अंगठा तिथंच होता.

जोडणीवाल्यांनी दोन्ही पुस्तकं घेतली आणि कुंपणं उघडली. पहिलं पान कोरं. दुसरं कोरं. त्यांनी घाई न करता मधलं उघडलं, शेवटचं उघडलं, मग फाटकं उघडली. सगळं कोरं. शेवटी त्यांनी पुस्तक नाकाशी नेलं.

"खळ अजून ओलसर आहे," ते म्हणाले.

"हा काय प्रकार आहे?" अध्यक्षांनी घड्याळ बाजूला सारलं. "दोन्हीकडचा बाइंडर एकच ना? म्हणजे तो बाहेरचा माणूस आपल्या कपाटांत वाटेल ते घुसवतो? आजपासून त्याचं काम बंद. दोन्हीकडचं. आणि आजवर त्यानं काय काय ठेवलंय याची चौकशी लावा."

वन्संनी तोंड उघडलं. बाईंना वाटलं, आता या म्हणतील, छापखान्याची चूक, कोरी प्रत आली. त्यांच्याही जिभेवर तेच तयार होतं. कोरी प्रत बाजारात येते कधीकधी, निभावलं असतं. पण मग बांधणी ताजी कशी, हे कोणीतरी विचारणार, आणि उत्तर पुन्हा त्या पुढच्या खोलीपाशी येऊन थांबणार. इतकी वर्षं दोघींच्या मधे बसून ज्यानं इकडचं तिकडं केलं नाही, तोच घुसखोर ठरणार.

"कुंपण माझं," बाई म्हणाल्या.

"फाटक माझं," वन्सं त्याच वेळी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"असा लेखक नाही," बाई म्हणाल्या. "मी बनवला. बाइंडरचा यात काही दोष नाही. त्यांनी आम्हाला झाकायला बघितलं, एवढंच."

"पण का?" अध्यक्ष खरोखरच गोंधळले होते.

"माझ्या नोंदी उचलल्या जातायत असा यांच्यावर संशय होता."

"आणि माझा यांच्यावर," वन्सं म्हणाल्या.

"माझा खरा निघाला."

"माझाही. फाटक घेतलंतच ना?"

हे बोलणं बाईंना कुंपणापेक्षा अवघड होतं. "घेतलं. चोरायचं म्हणून नाही. इतकं नीट लिहिलं होतंत, की मला वाटलं माणूस खरा असणार. मीच बनवलेला माणूस, आणि तुमची नोंद वाचून माझाच विश्वास बसला."

वन्संनी फाटकांचं पुस्तक पुढं ओढलं. मग त्यांना हसू आलं, आणि ते त्यांना आवरेना. "वहिनी, आणि जन्मसाल? ते नाही ओळखलंत?"

"का?"

"दादाचं आहे ते."

"त्यांची नोंद मी केलेली नाही," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी घड्याळ मनगटावर चढवलं, ते पुन्हा काढलं. त्यांच्या नियमाप्रमाणे दोघी बाद होत्या, आणि दोघी बाद म्हणजे खुर्चीवर बसायला कोणी उरत नव्हतं. ते जोडणीवाल्यांकडे वळले. जोडणीवाल्यांनी आधी खिशातून बडीशेपेची डबी काढली, चिमूटभर तोंडात टाकली आणि डबी पुन्हा खिशात ठेवली. त्यांची स्वतःचीच होती ती. बाईंनी ही गोष्ट टिपली आणि एक संशय खात्यातून वजा केला. खाती बरीच उघडी होती.

"मी पुष्कळ सूच्या जोडल्या," ते म्हणाले. "सगळीकडे एकाच लेखकाचे तीन झालेले असतात, तीन लेखकांचा एक झालेला असतो, आणि कोणाच्या लक्षातही नसतं. इथं मी शोध शोध शोधलं. खोटं सापडलं ते एवढंच, जे या दोघींनी मुद्दाम घातलं. रोज सकाळी एक दुसरीच्या चुका शोधत बसली, म्हणून बाकी सगळं लख्ख आहे. तुम्ही संशयाला दोन ठिकाणी पगार देत होतात. आता एका टेबलावर द्या. दोघींची मान हलल्याशिवाय एक रेघ वेबवर जाऊ देऊ नका."

अध्यक्षांनी लगेच हो म्हटलं नाही. त्यांनी दोघींना लेखी ताकीद दिली, समितीपुढं विषय ठेवला, महिनाभर दोघींना टांगून ठेवलं. पण दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतं, आणि शेवटी तेच झालं. तळघरात कोणीच गेलं नाही. बाइंडरचं काम राहिलं, फक्त त्याच्याकडून आलेलं प्रत्येक पुस्तक आता उघडून बघायचं ठरलं.

कुंपणवाल्यांना मात्र काढून टाकता आलं नाही. जोडणीवाल्यांनी सांगितलं, वेबवर एकदा पत्ता दिला की तो पुसत नाहीत, दुसऱ्या गावांतल्या सूच्या त्या पत्त्यावर बोट ठेवून बसलेल्या असतात. म्हणून त्या पत्त्यावर आता एवढंच लिहिलं गेलं, की असा लेखक नाही. हे कोणी म्हटलं, त्या जागी दोन ग्रंथालयांची नावं, शेजारी शेजारी.

त्या गुरुवारी घरी गेल्यावर बाईंनी पिशवी खाली न ठेवताच विचारलं होतं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच. कुंपण घातलंस त्या दिवशी, गाणं म्हणत आली होतीस." नवरा दोऱ्याला मेण लावत होता. "आणि तिनं सांगितलं, फाटक बसवलं त्या दिवशी. प्रतींचं तुम्हा दोघींच्याच बोलण्यात आलं."

"आणि इतकी वर्षं मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं. गेल्या आठवड्यात. वन्सं काही म्हणाल्या का म्हणून."

"त्या दिवशी ती पाठीचंच म्हणाली होती."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. "आणि पानं कोरी कशी ठेवलीत?"

"मला कुंपणातलं काय कळतं," तो म्हणाला.

एकत्र टेबलाच्या पहिल्या सकाळी बाई आल्या तेव्हा वन्सं त्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. टेबल लांब होतं, मधे एकच स्क्रीन, दोघींना दिसेल असा. जोडणीवाले आपली निळी उशी घेऊन पुढच्या गावी गेले होते. वन्संच्या खुर्चीवर नवी उशी होती, हिरवी, चांगली जाड.

"पाठीसाठी," वन्सं म्हणाल्या. "उजवीकडं दुखतं."

"ऐकलंय मी."

वन्सं पाणी आणायला उठल्या. बाईंनी दाराकडे पाहिलं, हिरवी उशी उचलली, तिच्याखाली बघितलं, ती होती तशी ठेवली, आणि स्क्रीनवरची पहिली नोंद वाचायला घेतली.

"उशीची शिवण तपासलीत का?" दारातून वन्सं म्हणाल्या.

"ती तुमच्यासमोर तपासीन," बाई म्हणाल्या. "दोघींची मान हलायला हवी ना."